घडत्या संघाची साथ

२८ ऑगस्ट २०२१ रोजी मँचेस्टर सिटीकडून ०-५ असा पराभव पत्करून लंडनच्या आर्सेनल या फुटबॉल क्लबचा संघ मैदानाबाहेर आला, तेव्हा इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या गुणतालिकेत त्याच्याखाली एकही संघ उरला नव्हता. तीन सामने झाले होते. गुण शून्य, केलेले गोल शून्य आणि स्वीकारलेले गोल ९. त्याआधीचे सलग दोन हंगाम आठव्या क्रमांकावर संपले होते, आणि पंचवीस वर्षांत प्रथमच हा क्लब युरोपातल्या एकाही स्पर्धेत खेळत नव्हता. त्याच उन्हाळ्यात क्लबने सहा खेळाडू विकत घेतले होते आणि त्यांच्यापैकी एकाचेही वय २३ च्या पुढे नव्हते. मुरलेले, नावाजलेले खेळाडू आणून डोलारा सावरायचा, तर क्लबने पोरांवर भिस्त ठेवली, असा त्या आठवड्यातला सूर होता, आणि प्रशिक्षक मिकेल आर्टेटा यांना हटवा ही मागणी त्या सुरातूनच उठली होती.

त्या मागणीला मी कधी कमी लेखले नाही. पाठीराखा रागावतो तो आपलेपणापोटीच, आणि ज्याने आपल्या आठवड्यातली सगळ्यांत मोलाची वेळ या संघाला दिलेली असते, त्याला रागावण्याचा हक्क आहेच. मी स्वतः या क्लबचा जुना पाठीराखा आहे आणि त्या दिवसांत मीही अस्वस्थ होतो. तरीही माझा संयम सुटला नाही, आणि त्याचे श्रेय माझ्या स्वभावाला अजिबात नाही. त्याआधी आठ महिने मी या संघात असे काही पाहिले होते, की जे गुणतालिकेत उमटायला वेळ लागणार होता, पण एकदा पाहिल्यावर विसरता येणार नव्हते. तरुण खेळाडूंभोवती संघ नव्याने उभा राहत असताना धीर धरावा, असे सगळेच सांगतात. तो धरायचा कशाच्या आधारावर, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. आणि आधार नसलेला धीर चार पराभवांत गळून पडतो, हे मी कितीतरी निष्ठावंत माणसांच्या बाबतीत पाहिले आहे.

मी पाहिले ते असे. डिसेंबर २०२० मध्ये आर्सेनलला लीगमधल्या सलग सात सामन्यांत विजय मिळाला नव्हता आणि नाताळच्या दिवशी संघ पंधराव्या क्रमांकावर होता. २६ डिसेंबरला चेल्सीशी गाठ होती. काही अनुभवी खेळाडू उपलब्ध नव्हते, आणि २० वर्षांचा एमिल स्मिथ रो, १९ वर्षांचा बुकायो साका आणि १९ वर्षांचाच गॅब्रिएल मार्टिनेली असे तिघे एकत्र सुरुवातीपासून मैदानात उतरले. आर्सेनलने तो सामना ३-१ असा जिंकला. लाकाझेटची पेनल्टी, झाकाची फ्री किक आणि गोलरक्षकाच्या डोक्यावरून वळत गेलेला साकाचा फटका हे तीन गोल सगळ्यांच्या लक्षात राहिले. माझ्या लक्षात राहिला तो स्मिथ रो. त्याआधीचे कित्येक आठवडे संघाचा चेंडू एका बगलेकडून मागे आणि मागून दुसऱ्या बगलेकडे असा फिरत राहायचा आणि मधल्या मोकळ्या जागेत त्याची वाट पाहणारा कोणीच नसायचा. हा मुलगा चेल्सीची मधली फळी आणि बचावफळी यांच्या मधोमध उभा राहत होता, चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे नजर टाकत होता, एका स्पर्शात चेंडू पुढे देत होता आणि दिल्याबरोबर जागा बदलत होता. त्यात डोळे दिपवणारे काही नव्हते, पण त्याच्यामुळे बाकीच्या दहा जणांना पुढे पाहता येऊ लागले.

तेव्हापासून मला एक सवय लागली आहे. सामना संपल्यावर, निकाल ठाऊक झाल्यावर, मी तो शक्य असेल तेव्हा पुन्हा पाहतो, आणि दुसऱ्या वेळी चेंडूकडे पाहत नाही. एकच तरुण खेळाडू निवडतो आणि तो पडद्यावर असेल तेवढा वेळ त्याच्यावरच नजर ठेवतो. चेंडू त्याच्याकडे नसताना तो कुठे उभा आहे, मागचा सहकारी पुढे सरकला की त्याची जागा भरतो का, चूक झाल्यावर मान खाली घालून चालतो की लगेच मागे धावतो, पुढच्याच वेळी पुन्हा चेंडू मागतो की लपतो. पहिल्यांदा पाहताना मन निकालात गुंतलेले असते आणि यातले काहीच दिसत नाही. दुसऱ्यांदा पाहताना निकालाची धाकधूक संपलेली असते, आणि मग एखाद्या पराभवातही इतके काही घडलेले दिसते की त्या पराभवाची बोचणी थोडी बोथट होते.

साकाचेच पाहा. तो डावखुरा, पण बहुतेक वेळ उजव्या बगलेवर खेळणारा. सुरुवातीच्या काळात मैदानाच्या कडेला चेंडू मिळाला की तो बहुतेकदा गोलकडे पाठ करून थांबवायचा, आणि तोवर प्रतिस्पर्धी बचावपटू त्याच्या पाठीला येऊन भिडलेला असायचा. मग चेंडू मागे देण्यावाचून गत्यंतर नसे. पुढे पुढे तो येणारा चेंडू अंगासमोरून वाहू द्यायला आणि लांबच्या पायाने पुढे घ्यायला शिकला. पहिल्या स्पर्शालाच तो वळलेला असे, आणि पाठीशी येणारा बचावपटू आता त्याच्या समोर, मागे मागे सरकणारा असे. हे जमले तेव्हा प्रतिस्पर्धी प्रशिक्षकांनी त्याच्यावर एकाऐवजी दोन माणसे लावायला सुरुवात केली. मग त्याला नवी विद्या शिकावी लागली: दोघांना आपल्याकडे ओढून घ्यायचे आणि नेमक्या क्षणी चेंडू बाहेरून धावणाऱ्या बेन व्हाइटकडे किंवा आतल्या बाजूला उभ्या मार्टिन ओडेगार्डकडे सोडायचा. उजव्या बगलेवरचा हा त्रिकोण पुढे आर्सेनलच्या आक्रमणाचा कणा ठरला. तो त्रिकोण बनताना कितीतरी सामन्यांत साका ‘निष्प्रभ’ ठरल्याचे लिहिले गेले, आणि त्यांतल्या काही सामन्यांत तो खरोखरच निष्प्रभ होता. पण तो नव्या प्रश्नाशी झगडत होता. जुनीच चूक पुन्हा होणे आणि नवी चूक होणे यांत मला फार मोठा फरक वाटतो, आणि तरुण संघाकडे पाहताना मी इतर कशाहीपेक्षा हा फरक शोधत असतो.

खेळात चढउतार का येतात, हेही एकदा नीट समजून घेतले की बराचसा वैताग कमी होतो. १८-१९ वर्षांच्या मुलाचे शरीर अजून भरत असते. आठवड्यातून दोन सामने खेळण्याचा ताण मांडीच्या मागच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येतो. बार्सिलोनाचा पेद्री १८ वर्षांचा असताना क्लब, युरो स्पर्धा आणि ऑलिम्पिक मिळून एका हंगामात ७० हून अधिक सामने खेळला, आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षे त्याच स्नायूंच्या दुखापतींनी त्याचा पिच्छा पुरवला. पहिल्या हंगामात नवखा खेळाडू चमकतो, कारण त्याला कोणी अभ्यासलेले नसते. दुसऱ्या हंगामात त्याच्या आवडत्या वळणांची, आवडत्या पायाची टिपणे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याकडे असतात. त्यातच खेळाची गती ओळखणे, म्हणजे कधी पळायचे आणि कधी चेंडू नुसता पायाखाली धरून वेळ जाऊ द्यायचा, हे ज्ञान सरावात पूर्ण देता येत नाही. ते सामन्यांतच मिळते, आणि बहुधा हातचे गुण गमावून मिळते.

वाट पाहणे म्हणजे काय, याचा सर्वांत कठीण धडा विल्यम सलिबाने दिला. जुलै २०१९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, आर्सेनलने त्याला सेंट-एतिएन या फ्रेंच क्लबकडून सुमारे २.७ कोटी पौंडांना घेतले आणि लगेच त्याच क्लबला एका हंगामासाठी लोनवर, म्हणजे उसना, परत दिले. पुढच्या हंगामात तो लंडनला आला, पण मुख्य संघाकडून त्याला एकही अधिकृत सामना मिळाला नाही; जानेवारी २०२१ मध्ये त्याला नीसला पाठवले. तिथून परतला तर मार्सेला रवाना झाला. मधल्या काळात आर्सेनलचा बचाव वारंवार कोसळत होता, आणि आपलाच एक गुणी मध्यबचावपटू फ्रान्समध्ये खेळतो आहे हे पाहून आमच्यापैकी अनेकांचा जीव कासावीस व्हायचा. मार्सेकडून खेळताना तो फ्रेंच लीगचा सर्वोत्तम युवा खेळाडू ठरला. आर्सेनलसाठी त्याचा पहिला अधिकृत सामना झाला ५ ऑगस्ट २०२२ रोजी, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध. करारावर सही झाल्यापासून तीन वर्षांनी. आर्सेनल २-० ने जिंकले आणि २१ वर्षांचा हा मुलगा असा खेळला, जणू त्या बचावफळीत तो वर्षानुवर्षे उभा होता. तीन वर्षांचा उशीर योग्य होता की नाही, यावर माझे मत आजही ठाम नाही. निदान एक हंगाम वाया गेला असे मला वाटते. पण मार्सेत त्याला दर आठवड्याला खेळायला मिळाले, चुका करायला आणि त्या निस्तरायला मिळाल्या, हे नाकारता येत नाही.

त्याच २०२२-२३ च्या हंगामाने आमची खरी कसोटी पाहिली. आर्सेनल त्या हंगामात २४८ दिवस गुणतालिकेत अव्वल होते. मार्चमध्ये स्पोर्टिंग लिस्बनविरुद्धच्या सामन्यात सलिबाची पाठ दुखावली आणि तो उरलेल्या हंगामाला मुकला. एप्रिलमध्ये लिव्हरपूलच्या मैदानावर २-० अशी आघाडी असताना सामना २-२ असा सुटला. पुढच्याच आठवड्यात वेस्ट हॅमच्या मैदानावर पुन्हा २-० ची आघाडी, पुन्हा २-२. त्यानंतर तळाच्या साउदम्प्टनशी ३-३. आणि २६ एप्रिलला सिटीच्या मैदानावर १-४. जेतेपद निसटले. लिव्हरपूलचा तो सामना मी पुन्हा पाहिला, आणि तो पाहणे सोपे नव्हते. पहिल्या अर्ध्या तासात आर्सेनलने प्रतिस्पर्ध्याला जागचे हलू दिले नव्हते. मग मैदानावर एक बाचाबाची झाली, प्रेक्षक पेटले, आवाज वाढला, आणि त्या आवाजात आमची पोरे आणखी वेगाने खेळू लागली. नेमके तेव्हाच वेग उतरवायला हवा होता: चेंडू मागे घ्यायचा, थ्रो-इनला वेळ लावायचा, फाउल मिळवायचा, स्टेडियमला कंटाळा आणायचा. ते त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते.

आता त्याच्या पुढे एक सामना ठेवावासा वाटतो. ३१ मार्च २०२४, पुन्हा सिटीचे मैदान, निकाल ०-०. तटस्थ प्रेक्षकाला तो सामना कंटाळवाणा वाटला असेल. मला तो त्या हंगामातला सर्वांत समाधानाचा सामना वाटला. अकरा महिन्यांपूर्वी ज्या मैदानावर चार गोल खाल्ले होते, तिथे सलिबा आणि गॅब्रिएल मागाल्यीस यांनी सिटीचा आघाडीपटू हालांडला जवळपास गप्प ठेवले. मधली फळी आणि बचावफळी यांच्यातले अंतर नव्वद मिनिटे फारसे वाढले नाही. आणि वेग कधी उतरवायचा हे बहुतेकांना उमगले होते. २०२४ सालातल्या त्या हंगामाच्या शेवटच्या १८ लीग सामन्यांपैकी १६ आर्सेनलने जिंकले आणि संपूर्ण हंगामात मिळून ८९ गुण मिळवले. सिटीला ९१ मिळाले. पुढच्या हंगामात ७४ गुण आणि पुन्हा दुसरा क्रमांक, या वेळी लिव्हरपूलच्या मागे. सलग तीन वर्षे दुसरे येणे हे दुःख आहे, आणि ज्याला ते अपयश वाटते त्याच्याशी मी वाद घालत नाही. पण ०-५ पासून ०-० पर्यंतचा हा प्रवास ज्याने डोळ्यांनी पाहिला, त्याला ‘काहीच बदलले नाही’ असे म्हणता येणार नाही.

तरुणांवर विश्वास ठेवण्याची गोष्ट निघाली की मँचेस्टर युनायटेडचा दाखला येतोच, आणि तो बहुधा अर्धवटच दिला जातो. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. १९८९-९० चा हंगाम तेराव्या क्रमांकावर संपला, त्या हंगामात त्यांच्या हकालपट्टीची मागणी करणारा फलक त्यांच्याच स्टेडियममध्ये झळकला, आणि लीगचे जेतेपद यायला १९९३ उजाडले. पुढे ऑगस्ट १९९५ मध्ये संघ पहिलाच सामना अ‍ॅस्टन व्हिलाकडून १-३ असा हरला, तेव्हा पोरांच्या बळावर काही जिंकता येत नाही, असे समालोचक अ‍ॅलन हॅन्सन यांनी दूरचित्रवाणीवर म्हटले. त्याच पोरांनी तो हंगाम लीग आणि एफए कप अशा दोन जेतेपदांनी संपवला. इथपर्यंत सगळे सांगतात. पण गोलमध्ये पीटर श्मायकेल होता, बचावात ब्रूस, पॅलिस्टर आणि अर्विन होते, मधल्या फळीत रॉय कीन होता, आणि ऑक्टोबरमध्ये बंदी संपवून एरिक कँटोना परतला, ज्याने वसंतातले कितीतरी १-० असे सामने एकट्याच्या गोलने जिंकून दिले. बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू ही पोरे या जाणत्या मंडळींच्या आधाराने मोठी झाली. नुसती पोरे मैदानात सोडून देणे आणि पोरांभोवती संघ बांधणे यांत हाच फरक आहे.

आर्सेनलमध्ये ही जबाबदारी ज्यांनी पेलली त्यांत ग्रानिट झाकाचे नाव मी आधी घेईन. ऑक्टोबर २०१९ मध्ये घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली होती, त्यानंतर कर्णधारपद गेले होते, आणि तो क्लब सोडणार हे जवळजवळ ठरले होते. आर्टेटांनी त्याला थांबवले. तीन वर्षांनी, २०२२-२३ मध्ये, तिशीत पोहोचलेल्या झाकाने लीगमध्ये सात गोल केले, आणि २८ मे २०२३ रोजी निरोपाच्या सामन्यात वुल्व्हजविरुद्ध दोन गोल केले, तेव्हा तेच स्टेडियम त्याच्या नावाने गात होते. पुढच्याच वर्षी तो बायर लेव्हरकुसेनकडून एकही सामना न हरता बुंडेसलिगा ही जर्मन लीग जिंकला. धीर फक्त कोवळ्या खेळाडूंनाच लागतो असे आपण गृहीत धरतो; झाकाच्या बाबतीत तो एका जाणत्या खेळाडूला लागला, आणि त्याचा लाभ त्याच्या शेजारी खेळणाऱ्या मुलांना झाला.

मात्र पाठीराख्याच्या संयमाचा व्यवस्थापनाकडून गैरफायदाही घेतला जाऊ शकतो, आणि त्याबाबत गप्प राहणे मला मान्य नाही. ‘संघ तरुण आहे’ हे वाक्य प्रत्येक पराभवावर पांघरूण म्हणून वापरता येते. मे २०२२ मध्ये मालकी बदलल्यावर चेल्सीने तरुण खेळाडू मोठ्या संख्येने घेतले आणि काहींना सात-आठ वर्षांचे करार दिले. पण २०२२-२३ या एकाच हंगामात त्या खेळाडूंनी टुखेल, पॉटर आणि लॅम्पार्ड असे प्रशिक्षक पाहिले आणि क्लब बाराव्या क्रमांकावर राहिला. प्रत्येक नव्या प्रशिक्षकासोबत उभे राहण्याची जागा बदलते, दाब टाकण्याची पद्धत बदलते, आणि विशीच्या आतबाहेरचा खेळाडू पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसतो. नंतर चेल्सी सहाव्या आणि मग चौथ्या क्रमांकापर्यंत चढले, २०२५ मध्ये कॉन्फरन्स लीग आणि क्लब वर्ल्ड कपही जिंकले, याचा मला त्यांच्या पाठीराख्यांसाठी आनंद आहे. तरीही त्या पहिल्या वर्षी त्यांनी विचारलेले प्रश्न रास्त होते. काय बांधले जात आहे, कोण बांधत आहे आणि तो पुढच्या वर्षी असेल का, एवढे विचारण्याचा अधिकार संयमाच्या मोबदल्यात मिळालाच पाहिजे.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. बहुतेक क्लबांच्या नशिबी घडलेला संघ जपणे नसतेच. मोनॅकोने २०१७ मध्ये एम्बापे, बर्नार्डो सिल्वा, फाबिन्यो, लेमार अशा मुलांच्या बळावर फ्रेंच लीग जिंकली, युरोपातल्या क्लबांच्या सर्वोच्च स्पर्धेची, चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी गाठली, आणि लगेच तो संघ फुटला. डच क्लब अयाक्सचा १९ वर्षांचा कर्णधार मथाइस डी लिग्ट आणि फ्रेंकी डी योंग यांचा संघ ८ मे २०१९ रोजी टॉटनहॅमविरुद्ध भरपाई वेळेत, अगदी शेवटच्या क्षणांत, लुकास मोराच्या गोलने चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीला मुकला. त्याच उन्हाळ्यात ते दोघेही निघून गेले. या क्लबांच्या पाठीराख्यांना जे करावे लागते त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पाच वर्षे वाट पाहायची, एक वसंत भोगायचा, आणि पुन्हा तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांकडे नजर लावून बसायचे.

श्रीमंत लीगमध्येही हिशेबाचे नियम अकादमीच्या मुलांच्या मुळावर येतात. प्रीमियर लीगच्या २०२५-२६ च्या हंगामापर्यंतच्या नियमांनुसार क्लबला तीन वर्षांत कमाल १०.५ कोटी पौंडांचा तोटा चालत होता. विकत घेतलेल्या खेळाडूची किंमत कराराच्या वर्षांत वाटून खर्चात धरली जाते. घरच्या अकादमीत वाढलेल्या खेळाडूसाठी मात्र अशी कोणतीच किंमत वहीत नसते, त्यामुळे त्याच्या विक्रीची जवळपास सगळी रक्कम निव्वळ नफा म्हणून दिसते. ज्या मुलाला वयाच्या आठव्या-नवव्या वर्षापासून क्लबने वाढवले, तोच हिशेबाच्या दृष्टीने विकायला सगळ्यांत सोयीचा ठरतो. हिशेबाची ही पद्धत अशीच का राहावी, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

सगळेच पोहोचत नाहीत, हे तर स्वीकारावेच लागते. २०२१ च्या उन्हाळ्यात आलेल्या त्या सहा जणांपैकी सांबी लोकोंगा आणि नुनो तावारेस यांना जम बसवता आला नाही. रॅम्सडेलने दोन हंगाम गोल राखले, मग त्याची जागा गेली. तोमियासूला दुखापतींनी ग्रासले. बेन व्हाइट आणि ओडेगार्ड मात्र संघाचे आधारस्तंभ झाले, आणि ओडेगार्ड तर कर्णधार. ज्याने त्या डिसेंबरात संघाला पुढे पाहायला लावले, त्या स्मिथ रोला मानाची १० क्रमांकाची जर्सी मिळाली, पुढच्या हंगामात लीगमध्ये त्याने दहा गोल केले, आणि मग दुखापतींनी त्याची लय हिरावली. ऑगस्ट २०२४ मध्ये तो फुलहॅमला गेला. बार्सिलोनात मेस्सीनंतर १० क्रमांकाची जर्सी ज्याच्या पाठीवर चढवली, त्या आन्सू फातीचेही गुडघ्याच्या दुखापतीनंतर फार वेगळे झाले नाही. अशा वेळी पाठीराख्याकडे द्यायला एकच गोष्ट असते: ‘फुकट गेला’ असा शेरा न मारणे. स्मिथ रोने जे दिले ते पूर्ण दिले, आणि ते त्या संघाच्या पायाभरणीत आहे.

प्रेक्षकांचा स्वभाव हा खेळाडूच्या वाढीचा भाग असतो, ही माझी सर्वांत ठाम समजूत आहे, आणि तिला आधार पुन्हा साकाचाच आहे. ११ जुलै २०२१ रोजी वेम्बलीवर, युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्यात, इटलीविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये इंग्लंडची शेवटची पेनल्टी १९ वर्षांच्या साकाने घेतली आणि ती अडवली गेली. त्यानंतर त्याच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा जो भडिमार झाला तो सर्वांना ठाऊक आहे. त्या उन्हाळ्यात पाठीराख्यांनी त्याला इतकी पत्रे पाठवली की क्लबच्या सराव केंद्रात त्यांनी एक भिंत भरली. ऑगस्टमध्ये मैत्रीपूर्ण सामन्यासाठी तो टॉटनहॅमच्या मैदानावर उतरला, तेव्हा त्या कट्टर प्रतिस्पर्ध्यांच्या प्रेक्षकांनीही टाळ्या वाजवल्या. नऊ महिन्यांनी, २० एप्रिल २०२२ रोजी, चेल्सीविरुद्ध भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली आणि त्याने स्वतः चेंडू उचलला, गोल. तीन दिवसांनी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पुन्हा पेनल्टी, पुन्हा गोल. जुलै २०२४ मध्ये युरोच्या उपांत्यपूर्व फेरीत स्वित्झर्लंडविरुद्ध त्याने बरोबरीचा गोल केला आणि पेनल्टी शूटआउटमध्येही चेंडू जाळ्यात धाडला. त्या पत्रांशिवाय हे घडले नसते असा दावा मी करणार नाही. तो मुलगा मुळातच खंबीर आहे. पण चेंडू पुन्हा मागण्याची हिंमत माणूस एकट्याने जमवत नाही, असे मला वाटते.

म्हणूनच २०२५ च्या सुरुवातीचे माइल्स लुईस-स्केलीचे अडीच महिने मी पुन्हा पुन्हा आठवतो. १८ वर्षांचा मुलगा, अकादमीत मधल्या फळीत खेळलेला, मुख्य संघात डावा बचावपटू म्हणून उभा केलेला. २५ जानेवारीला वुल्व्हजविरुद्ध त्याला लाल कार्ड मिळाले, जे नंतर रद्द झाले. २ फेब्रुवारीला मँचेस्टर सिटीविरुद्धच्या ५-१ अशा विजयात त्याने गोल केला. २२ फेब्रुवारीला वेस्ट हॅमविरुद्ध पुन्हा लाल कार्ड, आणि सामना ०-१ असा हातचा गेला. ४ मार्चला आइंडहोवनला पिवळे कार्ड मिळाल्यावर तो पुन्हा घसरेल या भीतीने पहिल्याच सत्रात त्याला बाहेर बोलावावे लागले. ज्यांना त्याला कायमचे बाकावर बसवायचे होते, त्यांच्या हाती त्या आठवड्यात पुरेसा पुरावा होता. २१ मार्चला त्याने इंग्लंडकडून पदार्पण केले आणि अल्बेनियाविरुद्ध गोल केला. ८ एप्रिलला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत रेयाल माद्रिदसमोर आर्टेटांनी त्याला सुरुवातीपासून उतरवले. डेक्लन राइसच्या दोन फ्री किक जगभर दाखवल्या गेल्या आणि ते योग्यच होते. मी दुसऱ्यांदा पाहताना लुईस-स्केली निवडला होता. समोरून माद्रिदचे खेळाडू दाब टाकत असताना तो चेंडू लांब भिरकावून देत नव्हता. अंग मध्ये घालून चेंडू झाकत होता, वळत होता आणि मधल्या फळीत शिरत होता. पंचाहत्तराव्या मिनिटाला त्याने दिलेल्या पासवर मेरिनोने तिसरा गोल केला. त्याचे पुढे काय होईल, त्याची जागा राहील की जाईल, हे मी पाहतो आहे, आणि तो पुन्हा मधल्या फळीत कधी उभा राहील याची मला विशेष उत्सुकता आहे.